फेरिटिन ६४, रिपोर्ट म्हणतो नॉर्मल: हार्ट फेल्युअरमधल्या रक्तक्षयाची एक केस

पेशंट बाई, वय ६२, सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावच्या. बरीच वर्षं घरची खानावळ चालवली, आता सून बघते. तीन वर्षांपूर्वी मोठा अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला आणि तेव्हापासून पंपिंग (एका ठोक्याला हार्ट आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० टक्क्यांच्या आसपास. शुगर जुनी, मेटफॉर्मिन चालू. तक्रार काय, तर गेले चार-पाच महिने दम लागतोय, आधी जिना चढताना लागायचा, आता न्हाणीपर्यंत गेलं तरी मधे टेकावं लागतं, संध्याकाळी पायावर सूज येते, रात्री दोन उशा लागतात. आणि एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली, "मॅडम, दम तर लागतोच, पण अंगात जीवच नाय बघा, भाकरी थापायला हात उचलत नाही."

ओळख पटू नये म्हणून दोन-तीन पेशंटचे तपशील यात एकमेकांत मिसळलेत, पण आकडे आणि घटनांचा क्रम अशा पेशंटमधे दिसतो तसाच आहे. सविस्तर लिहितेय कारण हार्ट फेल्युअरच्या पेशंटला दम लागला की सगळे (घरचे पण आणि आपण डॉक्टर पण) "पंपिंगच कमी आहे, दम लागणारच" एवढ्यावर थांबतो, आणि मग फाइल जाडजूड होत जाते पण रक्त का कमी होतंय हे कुणीच विचारत नाही.

या बाईंची फाइल खरंच जाडजूड होती. ती उलगडून सगळी हिमोग्लोबिनं एका कागदावर तारखेप्रमाणे लिहून काढली. अँजिओप्लास्टीच्या वेळी १२.४, पुढच्या वर्षी ११.१, त्याच्या पुढच्या वर्षी १०.३, आणि आता ९.२. प्रत्येक रिपोर्ट वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कारणाने काढलेला, त्यामुळे सुटासुटा बघितला तर कुठलाच फार भयानक वाटत नाही, बायकांचं रक्त जरा कमीच असतं असं म्हणून पुढे जाता येतं. एका ओळीत ठेवले की मात्र सरळ उतरण दिसते. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अॅनिमिक निघाल्या, ते इतकं सवयीचं झालंय की साठीच्या बाईचं हिमोग्लोबिन ९ आलं तरी कुणी दचकत नाही. खरं तर पाळी बंद होऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बाईचं रक्त कमी होत असेल तर ते जातंय कुठे हा प्रश्न जास्तच गंभीरपणे घ्यायला पाहिजे.

तपासलं तेव्हा नाडी ९२, बीपी १०४/६६, ऑक्सिजन ९६. मानेची शीर थोडी फुगलेली, फुफ्फुसात खाली दोन्हीकडे बारीक आवाज, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहतो. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर पांढुरकी. इकोमधे पंपिंग ३० टक्के, म्हणजे मागच्या वर्षी होतं तेवढंच. हे महत्त्वाचं आहे, कारण हार्टचं पंपिंग बदललेलं नसताना त्रास इतका वाढला तर दुसरं काहीतरी भर घालतंय. एनटी-प्रोबीएनपी (हार्टवर ताण आला की रक्तात वाढणारा पदार्थ) २,९०० आलं, म्हणजे पाणी साठलंय हे पण खरं. दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. आणि पाणी साठलं की रक्त पातळ होऊनही हिमोग्लोबिन थोडं खाली दिसतं, त्यामुळे सूज उतरवून परत बघायचं हे आधीच ठरवून टाकलं.

बाकी रिपोर्ट असे. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ७४, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १८, स्मिअरमधे, म्हणजे काचेवर रक्त पसरून बघितलं तर, पेशी लहान आणि फिकट. लाल पेशींचा काउंट ३.९, म्हणजे ७४ भागिले ३.९ केलं तर १९ येतं, थॅलेसेमिया मायनरमधे (यात जन्मापासूनच पेशी लहान असतात) हा आकडा सहसा १३ च्या खाली असतो, त्यामुळे ती शंका बरीच मागे पडली. बी-१२ ठीक (मेटफॉर्मिनवाल्यांमधे हे बघायलाच पाहिजे, त्यात शाकाहारी असेल तर नक्कीच). थायरॉइड ठीक. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.३. पोटॅशियम ५.३, यावर पुढे बोलते. सीआरपी (अंगात दाह असल्याची खूण) १४. सिरम आयर्न २८, टीआयबीसी (रक्तात आयर्न वाहून नेण्याची एकूण जागा) ३७२, म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, त्यातली भरलेली जागा, जेमतेम साडेसात टक्के. आणि फेरिटिन, म्हणजे आयर्नच्या साठ्याची तपासणी, ६४.

आता हे ६४ बघा. लॅबच्या कागदावर शेजारी रेंज छापलेली, १३ ते १५०, आकडा साध्या अक्षरात, ठळक नाही, बाण नाही, काही नाही. हा कागद घेऊन पेशंट कुठेही गेला तर "आयर्न चांगलंय तुमचं" असंच ऐकायला मिळेल. पण फेरिटिन आतला दाह, इन्फेक्शन, शुगर, किडनी, हार्ट फेल्युअर या सगळ्यात आपोआप वर जातं. म्हणून हार्ट फेल्युअरमधे आयर्नची कमतरता ठरवायचे आकडे वेगळे आहेत, फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ असेल आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली. आता बरेच जण तर सॅच्युरेशनलाच जास्त वजन देतात आणि मला तेच पटतं, कारण फेरिटिन म्हणजे कणगीत धान्य किती आहे त्याचा अंदाज, पण कणगीला कुलूप असेल तर चुलीपर्यंत काय पोचतंय ते सॅच्युरेशन सांगतं. हे कुलूप लावणारा पदार्थ हेप्सिडिन, लिव्हरमधे तयार होतो, अंगात दाह असला की वाढतो, आणि आतड्यातून आयर्न रक्तात यायचा मार्ग पण बंद करतो आणि साठ्यातून बाहेर पडायचा पण.

हार्ट फेल्युअरच्या साधारण निम्म्या पेशंटमधे आयर्न कमी सापडतं, हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी. आयर्न फक्त रक्तासाठी लागत नाही हो, स्नायूंच्या पेशींमधे ऊर्जा तयार होते तिथेही लागतं, हार्टच्या आणि हातापायाच्या पण. "हात उचलत नाही" हे वाक्य मला म्हणूनच दम लागण्याइतकं महत्त्वाचं वाटलं.

मग मूळ प्रश्न, आयर्न जातंय कुठे. सुनेला सांगितलं की घरात ज्या काही गोळ्या असतील त्या सगळ्या पिशवीत घालून आणा, चिठ्ठीतल्याच नव्हे, सगळ्या. दुसऱ्या दिवशी तिने मेडिकलची निळी पिशवी टेबलावर उलटी केली. हार्टच्या गोळ्या नीट होत्या, मेटोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, लघवीची गोळी, अॅटोर्वास्टॅटिन, आणि गुठळी होऊ न देणाऱ्या दोन, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. त्यात एक कागदाची पुडी निघाली आणि कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे दोन-दोन गोळ्यांचे तुकडे, नाव निम्मं कापलं गेलेलं. "ही कशाची?" तर पेशंट मावशी म्हणाल्या, "ती हाय व्हय, गुडघ्याची. लई दुखलं की एक घेते." लई म्हणजे किती, तर रोज एक, कधी दोन, खानावळीत उभं राहायचं असलं की सकाळीच घ्यायच्या, असं दीड-दोन वर्षं. मेडिकलवाल्याला फोन करून विचारलं, डायक्लोफिनॅक.

इथे केसचा अर्धा उलगडा झाला. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि वर डायक्लोफिनॅक, तिन्ही एकत्र, जठराच्या आतल्या अस्तराला याहून वाईट काय असणार. शिवाय डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, किडनीवर ताण आणते, पोटॅशियम वाढवते, म्हणजे सूज, दम, क्रिएटिनिन आणि रक्त कमी होणं या सगळ्यात तिचा हात. लघवीच्या गोळीचा डोस दोनदा वाढवूनही सूज का हटत नव्हती तेही कळलं. क्लोपिडोग्रेलचं असं की डिस्चार्ज कार्डवर १२ महिने असं स्पष्ट लिहिलेलं, पण प्रत्येक नवी चिठ्ठी जुनीवरून लिहिली जात गेली आणि गोळी तीन वर्षं चालू राहिली.

संडासचा रंग विचारला तर म्हणाल्या मधेमधे काळी होते, पण त्याच काळात आयर्नच्या गोळ्या पण चालू होत्या आणि त्याने काळी होतेच, त्यामुळे त्यावर कुणाचं लक्ष गेलं नाही. आयर्नची काळी संडास सहसा बांधलेली, हिरवट काळी असते, रक्ताची डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची. त्यांना नीट विचारल्यावर दोन-तीनदा तशी झाल्याचं आठवलं.

आयर्नच्या गोळ्या आठ महिने घेतल्या होत्या बरं का, नियमित, बद्धकोष्ठ सोसून. त्याने हिमोग्लोबिन वाढलं नाही म्हणून "यांना आयर्न लागूच होत नाही" असं घरच्यांनी ठरवून टाकलेलं. लागू होत नाही हे खरंच आहे, पण दोष त्यांचा नाही. वरती सांगितलं ते हेप्सिडिन, सुजलेलं आतडं, आणि रक्त खालून जातच राहतंय. आयर्नआउट-एचएफ नावाची चाचणी २०१७ मधे आली, २२५ पेशंट, रोज दोनदा १५० मिलिग्रॅम तोंडाने, १६ आठवडे, आणि व्यायामाच्या क्षमतेत साध्या डमी गोळीपेक्षा काहीही फरक नाही. तरी अजून हार्ट फेल्युअरच्या चिठ्ठीत आयर्नची लाल गोळी सर्रास दिसते, पेशंटला पोटाचा त्रास होतो आणि वर उपचार चालू आहेत असा समज होतो. तोच समज जास्त नुकसान करतो.

घरच्यांनी आपल्या परीने सगळं केलं होतं. रोज बीट-गाजराचा ज्यूस, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे, कुणीतरी सांगितलं म्हणून शहाळं. प्रेमानेच केलं, पण शुगरच्या पेशंटला गूळ-खजूर, आणि स्पायरोनोलॅक्टोन व सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन (दोन्हीने पोटॅशियम वाढतं) चालू असताना बीट, डाळिंब, शहाळ्याचं पाणी म्हणजे पोटॅशियमची भर. ५.३ चं एक कारण हेही. सुनेला समजावून सांगितलं की यातून आयर्न फार थोडं मिळतं, जे मिळतं तेही जेवणाबरोबरच्या चहाने अडतं, आणि पोटॅशियम फार वाढलं तर हार्टचे ठोके बिघडतात. ती बिचारी रडकुंडीला आली, "मी तर रोज स्वतः काढून द्यायचे". तिने केलं ते चांगल्यासाठीच केलं, हे मी तिला मावशींसमोर सांगितलं.

मुलाचं म्हणणं वेगळं, "मॅडम, दोन बाटल्या रक्त चढवून टाका ना, लगेच अंगात येईल." ही मागणी इतकी कॉमन आहे. ९.२ ला, पेशंट स्थिर असताना, छातीत दुखत नसताना रक्त चढवायची गरज नाही, आणि ज्याच्या अंगात आधीच पाणी जास्त आहे त्याला वरून पिशवी चढवली तर फुफ्फुसात पाणी भरून तो रात्रीत आयसीयूत जाऊ शकतो. एका पिशवीत आयर्न साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम, आणि यांची तूट किती, तर वजन ५८ किलो, हिमोग्लोबिन ९.२ वरून १५ धरलं तर ५८ गुणिले ५.८ गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००, म्हणजे तेराशेच्या वर. हा हिशोब मुलाला कागदावर करून दाखवला, तेव्हा त्याला पटलं. एरिथ्रोपोएटिनचं (लाल पेशी वाढवणारं) इंजेक्शन पण काही जण सुचवतात, पण रेड-एचएफ नावाच्या चाचणीत (२०१३, २,२७८ पेशंट) त्याच जातीचं डार्बेपोएटिन देऊन हिमोग्लोबिन छान वाढलं, मृत्यू किंवा अॅडमिशन कमी झाले नाहीत, आणि गुठळ्यांचे प्रकार मात्र वाढले. म्हणजे नुसता आकडा वर नेऊन पेशंट बरा होत नाही.

आम्ही केलं ते असं. अॅडमिट करून शिरेतून लघवीचं औषध, डायक्लोफिनॅक त्याच दिवशी बंद, कार्डिओलॉजिस्टशी बोलून क्लोपिडोग्रेल बंद, अॅस्पिरिन चालू, पँटोप्रॅझोल (जठरातलं आम्ल कमी करणारं) सुरू. चार दिवसांत अडीच किलो वजन उतरलं, हिमोग्लोबिन परत काढलं, ९.५. म्हणजे पाण्यामुळे पातळ झालेलं रक्त हा भाग फार छोटा, खरी तूटच मोठी. दम थोडा कमी झाल्यावर मिरजेला दुर्बिणीची तपासणी. जठराच्या खालच्या भागात एक अल्सर, वाहत नव्हता पण तळाशी काळा डाग, आणि आजूबाजूला चट्टे. बायोप्सीत कॅन्सर नाही, एच पायलोरी (जठरात अल्सर करणारा जंतू) पॉझिटिव्ह. त्याचा १४ दिवसांचा कोर्स दिला, त्यात क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असल्याने तेवढे दिवस अॅटोर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) थांबवलं, दोन्ही एकत्र स्नायूंना त्रास देतात. वर अल्सर सापडला म्हणून खालची तपासणी सोडली नाही, या वयात मोठ्या आतड्याचा कॅन्सर हातातून निसटू द्यायचा नसतो. ती काही आठवड्यांनी केली, पोट साफ करायला पीईजीचं पावडरवालं औषध वापरलं, सोडियम फॉस्फेटवालं नाही, कारण हार्ट फेल्युअर आणि किडनी दोन्हीला ते बाधतं. मूळव्याध सोडून काही निघालं नाही.

आणि आयर्न शिरेतून. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, १,००० मिलिग्रॅम, १०० मिली नॉर्मल सलाइनमधे (डेक्स्ट्रोजमधे नाही), अर्ध्या तासात. औषधाचा रंग गडद, काळ्या कॉफीसारखा, म्हणून सुई नीट शिरेत आहे की नाही हे आधी साधं सलाइन सोडून बघायचं, बाहेर गळलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो तो महिनोन्महिने जात नाही. सुरू करून पाच मिनिटं झाली असतील, मावशींचा चेहरा लाल झाला, छातीत आवळल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. सिस्टर एविल (अॅलर्जीचं इंजेक्शन) भरायला धावली. सलाइन थांबवलं, बीपी बघितलं, उतरलेलं नाही, अंगावर गांध्या नाहीत, आवाज बसलेला नाही, जीभ सुजलेली नाही. दहा मिनिटांत आपोआप सगळं शांत. ही आयर्नची एक ठरावीक साधी प्रतिक्रिया असते, यात घाईने एविल दिलं तर त्यानेच बीपी पडतं, गुंगी येते आणि मग सगळं अॅलर्जीच्या खात्यावर लिहिलं जाऊन पेशंटला पुन्हा कधीच आयर्न मिळत नाही. हळू वेगाने परत सुरू केलं, पूर्ण गेलं, संपल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं. अॅड्रिनलिन मात्र हाताशी तयार होतं आणि ते असायलाच पाहिजे, खरी अॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अॅलर्जी) क्वचित होते पण होते. आधी थोडा टेस्ट डोस देऊन बघायची पद्धत युरोपच्या औषध यंत्रणेने २०१३ पासून सोडायला सांगितलीय, टेस्ट डोस सुखरूप गेला म्हणून पुढचा जाईलच असं नसतं.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.३, फॉस्फेट ठीक (या औषधाने ते उतरू शकतं म्हणून बघितलं), उरलेला ५०० चा डोस दिला. बारा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन २१२, सॅच्युरेशन २४ टक्के. डोसनंतर लगेच फेरिटिन काढू नका, चार आठवडे तरी ते खोटं वर दिसतं. सहा मिनिटांत वॉर्डच्या व्हरांड्यात आधी २१० मीटर चालल्या होत्या तेही मधे थांबून, आता ३०५, न थांबता. उशी एक. इको परत केला, पंपिंग ३२ टक्के, म्हणजे जवळपास तेवढंच. मुलगा जरा हिरमुसला, त्याला पंपिंगचा आकडा वाढायला हवा होता. मावशींना त्या आकड्याचं काही नव्हतं, त्या खानावळीत भाजी चिरायला बसायला लागल्या होत्या.

सगळं श्रेय आयर्नला देणं बरोबर नाही. डायक्लोफिनॅक थांबलं, पाणी उतरलं, अल्सर भरला, आणि डिस्चार्जच्या वेळी डॅपाग्लिफ्लोझिन (शुगर आणि हार्ट फेल्युअर दोन्हीवरची गोळी) सुरू केलं होतं, त्याने हार्ट फेल्युअरला फायदा तर होतोच, हिमोग्लोबिनही थोडं वर जातं. शिरेतल्या आयर्नचा पुरावा बघितला तर बरं वाटण्याच्या बाबतीत तो भक्कम आहे, फेअर-एचएफ या चाचणीत (२००९, ४५९ पेशंट) आयर्नवाल्यांपैकी ५० टक्के लोकांनी बराच फरक पडल्याचं सांगितलं, डमीवाल्यांपैकी २८ टक्क्यांनी, आणि हिमोग्लोबिन कमी नसलेल्यांनाही फायदा झाला. अॅडमिशन कमी होण्याकडे अफर्म-एएचएफ (२०२०) चा कल दिसतो. आयुष्य वाढतं का, हे मात्र सिद्ध झालेलं नाही, हार्ट-एफआयडी (२०२३) तीन हजारांवर पेशंट घेऊनही आपल्या कडक निकषावर पास झाली नाही. युरोपियन मार्गदर्शक सूचनांनी २०२३ मधे पंपिंग कमी असलेल्यांसाठी त्रास कमी करायला शिरेतलं आयर्न द्यावंच अशी शिफारस केलीय. माझ्या मते एवढं पुरे आहे. जी बाई न्हाणीपर्यंत जाऊ शकत नव्हती तिच्यासाठी बरं वाटणं ही छोटी गोष्ट नाही. इंजेक्शन काही हजारांचं आहे, खर्च आहेच, पण आठ महिन्यांच्या गोळ्या, टॉनिक आणि वारंवारच्या चकरा यांचा खर्च कुणी मोजतच नाही.

आता प्रश्न उरलाय गुडघ्याचा. दुखणं खरं आहे, ते थांबवलेल्या गोळीबरोबर गेलेलं नाही. सध्या पॅरासिटामॉल, मांडीचे व्यायाम, शेकणं, आणि ओट्यापाशी उंच स्टूल. वाईट दिवसांत मावशी विचारतात, "एखादी घेतली तर चालंल का?" आणि दर वेळी परत समजावते. मेडिकलवाल्याला पण जाऊन सांगितलंय, त्यांनी रजिस्टरमधे नाव लिहून ठेवलंय. ऑर्थोपेडिक सर्जन गुडघा बदलायचं म्हणतायत, कार्डिओलॉजिस्ट म्हणतात सहा महिने स्थिर राहूदे मग बघू. पुढच्या भेटीला फेरिटिन, सॅच्युरेशन आणि पोटॅशियम काढायचंय, आणि हिमोग्लोबिन परत उतरायला लागलं असेल तर नुसतं आयर्न न देता आधी दुर्बीण परत घालायची, हे फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहून ठेवलंय.